बिघडलेले कागद आधी दाखवा

जुलैच्या पहिल्या रविवारी माझ्या चित्रकलेच्या वर्गात नवी मुले येतात. ती अकरावी-बारावीची असतात. बहुतेकांनी चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिलेली असते, काहींना ‘ए’ ग्रेड मिळालेली असते, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात एक फाइल असते, जिच्यात घरच्यांनी निवडून दिलेली सहा-सात चित्रे प्लॅस्टिकच्या कागदाआड जपून ठेवलेली असतात. मी ती चित्रे नीट पाहतो, परत देतो आणि विचारतो, की ही करताना जे कागद बिघडले ते कुठे आहेत. मुले एकमेकांकडे पाहतात. कोणाचे रद्दीत गेलेले असतात, कोणाच्या धाकट्या भावाने त्यांची विमाने केलेली असतात. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने अगदी सरळपणे सांगितले, “बंबात घातले, सर.” पाणी तापवायच्या त्या बंबाविषयी पुढे लिहायचे आहे.

या वर्गात मुलांकडून माझ्या नेमक्या कोणत्या अपेक्षा आहेत, हे मी आजवर तोंडीच सांगत आलो. यंदा दोन-तीन पालकांनी ते लिहून मागितले. त्यांचे म्हणणे रास्त आहे, कारण घरी गेल्यावर मुले सांगतात ते आणि मी सांगितलेले असते ते यांत बरेच अंतर पडते.

सुरुवात ग्रेड परीक्षांपासूनच करायला हवी, कारण मुले तिथूनच येतात. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या शाळांमध्ये चित्रकलेचा तास जिवंत ठेवला, असे माझे प्रामाणिक मत आहे. वस्तू समोर ठेवून चित्र काढणे, स्मरणाने प्रसंग उभा करणे, संकल्पचित्रात आकारांची मांडणी करणे, भूमिती आणि अक्षरलेखन यांत हात बसवणे, हा पाया वाईट मुळीच नाही. मी स्वतः माध्यमिक शाळेत कलाशिक्षक म्हणून नोकरी केली, तेव्हा दरवर्षी शे-सव्वाशे मुले या परीक्षांना बसवली. दहावीच्या निकालात ग्रेडचे वाढीव गुण मिळू लागल्यावर मात्र वर्गाचा नूर पालटला. चित्राची पाककृती झाली. पितळी तांब्या असेल तर आधी यलो ऑकर, कडेला बर्न्ट अंबर आणि पोटावर उजवीकडे वरच्या बाजूस पांढरा ठिपका. खिडकी डावीकडे असली तरी ठिपका उजवीकडेच. माझ्याकडे येणाऱ्या चांगल्या हाताच्या मुलांच्या पहिल्या चित्रात हा ठिपका हमखास दिसतो आणि तो कोणत्या शाळेत शिकवलेला आहे, हेही मला आता ओळखता येते.

म्हणून पहिले दोन महिने रंग नाहीत. एक तांब्या, एक विटकरीचा तुकडा आणि अंगावरचे जुने धोतर फाडून केलेला कापडाचा एक पडदा. पेन्सिल २बी किंवा ४बी. एवढ्या सामानात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना आठ रविवार गुंतवून ठेवणे सोपे नाही, पण इथे जे घडते ते पुढच्या दोन वर्षांत पुन्हा घडवता येत नाही.

उदाहरण म्हणून तांब्याचे बूडच घेऊ. मुले तांब्याचे तोंड लंबवर्तुळाकार काढतात, कारण ते तसे असते हे शाळेत पाठ झालेले असते. बूड मात्र सरळ रेषेने छाटतात. तांब्या टेबलावर टेकला आहे, टेबल सपाट आहे, म्हणजे बूडही सपाट, असा तो हिशेब असतो. मग मी तोच तांब्या जमिनीवर ठेवतो आणि मुलांना त्याच्याभोवती उभे करतो. तोंडाचे लंबवर्तुळ फुगते, जवळजवळ गोल होते. नंतर तो स्टुलावर ठेवतो, ते चपटे होते. शेवटी तो फडताळाच्या वरच्या फळीवर, बरोबर डोळ्यांच्या पातळीला ठेवतो, तेव्हा तोंडाची निव्वळ एक रेषा उरते. डोळ्यांच्या पातळीपासून वर्तुळ जितके खाली जाईल तितके ते अधिक उघडत जाते. त्यामुळे टेबलावरच्या तांब्याचे बूड त्याच्या तोंडापेक्षा अधिक गोलाई घेऊन दिसायला हवे, सपाट नव्हे. हे सांगून पाच मिनिटांत संपते. पण पुढच्या रविवारी मुले पुन्हा बूड छाटतात, त्याच्या पुढच्या रविवारीही छाटतात, आणि मग एके दिवशी कोणीतरी न सांगता पेन्सिल खाली ठेवते, डोके किंचित खाली-वर करून पाहते आणि स्वतःशीच हसते. माझी पहिली अपेक्षा ती एवढीच. डोळ्यांना जे दिसते ते हाताला मान्य होईपर्यंत थांबण्याची तयारी मुलाकडे असावी.

खोडरबराला मी बंदी घालत नाही, पण पहिल्या तासाभरात तो दप्तरात ठेवावा. चुकलेली रेषा कागदावर राहिली, तर तिच्या शेजारची दुसरी रेषा कुठे घ्यायची हे तिच्यावरूनच ठरवता येते. खोडून टाकली, तर मूल नेमके त्याच जागी पुन्हा चुकते. हे मी शेकड्यांनी पाहिले आहे. शिवाय खोडून खोडून कागदाचा पृष्ठभाग उसवतो आणि नंतर त्यावर जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ थर, दिला, की तिथे डाग धरतो, हा व्यावहारिक भाग वेगळाच.

मुलांच्या कागदावर मी स्वतः पेन्सिल लावत नाही, ही माझ्याकडून मुलांनी धरायची अपेक्षा आहे. त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. नववीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनातील प्रदर्शनासाठी मी एक स्थिरचित्र केले होते. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या सरांनी ते पाहिले, “डावी बाजू जरा पडलीये रे,” म्हणाले आणि माझ्या हातातली पेन्सिल घेऊन एका झटक्यात ती सावरली. चित्राला पहिले बक्षीस मिळाले. सर मायेचे होते, त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हते. पण ते चित्र घरी आल्यावर भिंतीवर लावावेसे मला वाटले नाही, आणि का वाटत नाही हे आईला सांगताही आले नाही. आज मला काही दाखवायचे असेल तर मी माझ्या वेगळ्या कागदावर काढून दाखवतो. वेळ दुप्पट लागतो. पालकांना कधी कधी वाटते, की सर हात धरून शिकवत नाहीत, आणि ते अक्षरशः खरे आहे.

दुसरी मोठी अपेक्षा स्केचबुकाची आहे. आठवड्याला वीस रेखाटने. ती सुंदर असण्याची गरज नाही, पण समोर बघून केलेली असली पाहिजेत. सातारा यासाठी उदार गाव आहे. एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहणारी माणसे असतात, राजवाड्याच्या चौपाटीवर संध्याकाळी गाड्यांभोवती वाकलेले, खाणारे, उभे लोक असतात, माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर दगडी घाट आणि देवळे आहेत, आणि अजिंक्यतारा तर गावातल्या कोणत्याही गच्चीवरून दिसतो. तो रोज काढणाऱ्या एका मुलाने मला दाखवून दिले, की सकाळी डोंगराच्या घड्या स्पष्ट दिसतात आणि भर दुपारी त्याच घड्या सपाट होऊन जातात. हे मी चाळीस वर्षे पाहत आलो होतो, पण असे शब्दांत कधी मांडले नव्हते. माणूस दोन मिनिटांत उठून जातो, म्हणून स्टँडवरचे रेखाटन अर्धेच राहते. अर्धे राहू द्यावे. ते घरी जाऊन फोटोवरून पूर्ण करून आणले, की मला लगेच कळते, कारण वरचा अर्धा भाग धावत असतो आणि खालचा बसलेला असतो. अनोळखी माणसाने हरकत घेतली, तर वही मिटून नम्रपणे तिथून निघावे. मुलींनी स्टँडवर एकटीने बसू नये, दोघी-तिघींनी मिळून जावे, हे मी वर्गातही सांगतो.

नक्कल हा विषय जरा सविस्तर लिहायला हवा, कारण त्यावर दरवर्षी वाद होतो. मोबाइलवर सापडलेले चित्र पाहून हुबेहूब उतरवणे म्हणजे चित्रकला, असा मुलांचा समज असतो, आणि त्या उतरवण्यात मेहनत असते हे मी नाकारत नाही. मात्र त्या चित्रात कुठे काय सोडायचे, कोणता रंग दाबायचा, कडा कुठे विरघळू द्यायची, हे सगळे निर्णय आधीच कोणीतरी दुसऱ्याने घेतलेले असतात. उतरवणाऱ्याच्या वाट्याला हमाली तेवढी येते. जुन्या चित्रकारांची चित्रे अभ्यासासाठी उतरवायला माझी हरकत नाही, उलट वर्षातून दोन तरी उतरवावीत, फक्त कोपऱ्यात ती कोणावरून केली ते लिहावे.

यासाठी दिवाळीनंतर आम्ही एकदा औंधला जातो. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८मध्ये उभारलेले श्री भवानी संग्रहालय आपल्या जिल्ह्यात आहे, हे साताऱ्यातल्या कित्येक घरांना ठाऊक नसते. यमाईच्या दर्शनाला जाऊन लोक परत येतात. औंधचे हे राजे स्वतः चित्रकार होते. संग्रहालयात राजा रवि वर्मा यांची मूळ चित्रे आहेत, धुरंधरांची आहेत, युरोपातल्या जुन्या चित्रांच्या प्रतिकृतीही आहेत, आणि इंग्लिश शिल्पकार हेन्री मूर यांचे आई-मुलाचे एक शिल्प आहे, ज्याच्यासमोरून लोक न थांबता पुढे जातात. तिथे माझी अट अशी असते, की सगळे संग्रहालय पाहायचे नाही. एक चित्र निवडायचे आणि त्याच्यासमोर अर्धा तास उभे राहायचे. पहिली दहा मिनिटे मुले चुळबुळ करतात. नंतर प्रश्न येऊ लागतात, आणि ते छापील चित्र पाहून कधीच आले नसते. एका मुलाने विचारले होते, “सर, हातातल्या बांगड्यांवर रंगाचा थर जाड आहे आणि गालावर पातळ, असं का?” त्या दिवशीचा एसटीचा खर्च तिथेच वसूल झाला.

गेल्या वर्षी नकलेला नवा भाऊ मिळाला. स्मरणचित्रासाठी ‘बैलांचा सण’ असा विषय दिला होता. एका मुलाने आणलेले चित्र फारच सफाईदार होते. दोन पांढरेशुभ्र बैल, पाठीवर सोनेरी झूल, मागे फेटे बांधलेली हसरी माणसे, सगळीकडे फुलांच्या माळा. मोबाइलवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्र करून घेऊन त्याने ते पोस्टर कलरमध्ये उतरवले होते. हे त्यानेच सांगितले, लपवले नाही, याचे मला कौतुक वाटले. मी रागावलो नाही. फक्त विचारले, की तुमच्या घरी बेंदराला बैलांचे काय काय करतात. आमच्याकडे सण पोळ्याला, श्रावणाच्या अखेरीस होत नाही, आषाढात बेंदूर होतो. मुलगा कोरेगावकडचा, घरी बैलजोडी असलेला. तो सांगू लागला. शिंगे घासून हिंगूळ लावताना एक बैल मान झटकतो, म्हणून आबा त्याची वेसण धरून उभे राहतात आणि दुसऱ्या हाताने त्याच्या गळ्याखाली खाजवत राहतात. हिंगूळ लावणाऱ्याच्या मनगटापर्यंत लाल होते. शिंगांच्या टोकांना शेंब्या बसवताना चुलता शिव्या देतो. पावसाने झूल भिजते, म्हणून मिरवणुकीच्या आधी तिच्यावर खताचे पोते टाकतात. मी म्हणालो, “यातलं तुझ्या चित्रात काय आहे?” पुढच्या रविवारी त्याने दुसरे चित्र आणले. बैलाची मागची तंगडी चुकली होती, आबांचा हात अंगापेक्षा मोठा झाला होता, आणि झुलीवरच्या पोत्यावर ‘युरिया’ अशी अक्षरे होती. दोन्ही चित्रे त्याने शेजारी शेजारी ठेवली तेव्हा वर्गात कोणालाच काही समजावून सांगावे लागले नाही.

दर पंधरा दिवसांनी वर्गाच्या शेवटी ‘भिंत’ असते. सगळे बोर्ड भिंतीला टेकवून ओळीने लावायचे आणि एकेका चित्रावर सगळ्यांनी बोलायचे. इथे ‘छान आहे’ हे शब्द चालत नाहीत. तुमची नजर आधी कुठे गेली, मग कुठे गेली आणि कुठे अडकली, एवढेच सांगायचे. सुरुवातीला मुले घाबरतात, कारण शाळेत चित्रावर बोलणे म्हणजे एक तर बक्षीस किंवा बोलणी. चित्र ज्याचे आहे त्याने ऐकून घ्यायचे, लगेच खुलासा द्यायचा नाही. नंतर त्याला वाटले तर बोलावे. एकमेकांच्या घरावरून, बोलीवरून, कागदाच्या हलक्या प्रतीवरून कोणी काही बोललेले मला खपत नाही, आणि या एका बाबतीत मी आवाज चढवतो.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाने एक विषय निवडून त्यावर सलग सहा चित्रे करायची असतात. बीएफएच्या, म्हणजे कलेच्या पदवीच्या, प्रवेशासाठीच्या राज्याच्या सीईटीत असे काही विचारत नाहीत. तिथे वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असते, आणि त्याचा सराव आम्ही वेळ लावून स्वतंत्रपणे करतो. तरीही सहा चित्रांची ही मालिका मी सोडत नाही. पहिली दोन चित्रे कोणीही करतो. तिसऱ्याला कंटाळा येतो. चौथ्यापासून मुलाला स्वतःचे काहीतरी शोधावे लागते.

बिघडलेले कागद बंबात घालणाऱ्या त्या मुलीने घरचा बंबच विषय म्हणून निवडला. लिंबकडच्या जुन्या घरातला, न्हाणीघराबाहेरचा तांब्याचा बंब. पहिल्या चित्रात अख्खा बंब मधोमध उभा होता, इंटरमिजिएटच्या पाककृतीप्रमाणे पोटावर पांढरा ठिपका घेऊन. दुसरे तेच, थोडे बाजूने. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, “सर, यात आता काय उरलं नाही.” मी म्हणालो, की मग जवळ जाऊन बस. चौथ्या चित्रात फक्त तोटी होती, जिथे चिंचेने घासून घासून तांबे गुलाबी झाले होते आणि सांध्यात हिरवा गंज धरला होता. पाचव्यात राख काढण्याचे दार. त्या राखेचा करडा रंग तिने काळ्यात पांढरा मिसळून केला तेव्हा तो मेलेला दिसला, म्हणून तिने निळा अल्ट्रामरीन आणि तपकिरी बर्न्ट सायना वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून अकरा करडे रंग पट्टीवर काढून आणले, मी न सांगता. सहाव्या चित्रात बंब नव्हताच. भिंतीवर धुराने धरलेला काळा पट्टा, त्याच्या कडेला चुन्याचा पांढरा रंग, आणि खाली बंबाच्या पायांचे तीन ठसे. या सहा चित्रांसाठी तिने सत्तावीस कागद वापरले. सगळे आणून दाखवले. यातला एकही तिने बंबात घातला नव्हता.

सामानाविषयी फार लिहीत नाही. महाग रंगांचा हट्ट नको. कॅमलचे विद्यार्थी प्रतीचे रंग पहिल्या वर्षाला पुरतात, पैसे वाचवायचे तर रंगात वाचवावेत आणि कागदात खर्चावेत. गोल ब्रश दोन, चार आणि आठ नंबरचे, एक चपटा ब्रश, बोर्ड, क्लिपा, जुन्या सुती कपड्याचा तुकडा. ब्रश पाण्याच्या डब्यात उभा ठेवून चहाला जाणाऱ्याला मी चहा पिऊन झाल्यावर काय बोलायचे ते बोलतो. पावसाळ्यात आपल्याकडे कागद दमट राहतो, वॉश वाळायला अर्धा-अर्धा तास लागतो, म्हणून ऑगस्टपर्यंत घाईची कामे घेऊ नयेत. वेळ रविवारी सकाळी साडेआठ ते बारा. बारावीच्या मुलांच्या क्लासच्या चाचण्या असतात हे मला कळते. आधी सांगितले तर सुट्टी मिळते, पण त्या आठवड्याची वीस रेखाटने माफ होत नाहीत.

पालकांचा शेवटचा प्रश्न ठरलेला असतो. एका वडिलांनी गेल्या वर्षी दारात चप्पल घालता घालता विचारला, “सर, पोरगी हुशार हाय, पण ह्यात फुडं पोट भरतंय का?” त्यांना मी जे सांगितले तेच इथे लिहितो. बीएफए चार वर्षांचे आहे, आर्किटेक्चर पाच वर्षांचे, दोन्हीकडे प्रवेश परीक्षा आहेत, सांगली-कोल्हापुरातही कलामहाविद्यालये आहेत, मुंबईलाच जायला हवे असे नाही. माझी काही मुले छपाईच्या कामात आहेत, काही शाळांत शिकवतात, एक सिनेमाचे सेट उभारतो, दोघे चित्रकार म्हणून जगतात आणि त्यांतल्या एकाचे कठीण चालले आहे. नोकरीची हमी मी देत नाही. मुलगी दोन वर्षे नियमाने आली तर तिला काय येईल एवढे मात्र सांगू शकतो, आणि ते वर लिहिले आहे.

नववीतले ते बक्षीस मिळालेले चित्र मी फेकले नाही. पहिल्या रविवारी मुलांच्या फाइली परत दिल्यावर मी ते काढतो, भिंतीला टेकवतो आणि सांगतो, की यात एक रेषा माझी नाही, ती शोधा. कागद पिवळा पडला आहे, रंग उतरले आहेत. कोणी सावलीवर बोट ठेवते, कोणी मागच्या पडद्याच्या घडीवर. गेल्या वर्षी बराच वेळ कोणालाच सापडेना. मग कोपऱ्यात बसलेली, तोवर एक शब्दही न बोललेली एक मुलगी उठली, चित्रापासून वीतभर अंतरावर गुडघ्यांवर बसली आणि तांब्याच्या डाव्या कडेवर तिने बोट ठेवले. “ही,” ती म्हणाली, “ही एकदाच काढलीय. बाकी सगळ्या दोन-तीनदा काढल्यात.”